खणाचा खण

‘कस्टमाइज्ड’ हा शब्द हल्ली फारच स्वस्त झालाय, बुवा. कॉफीच्या मगवर नाव छापलं, कस्टमाइज्ड. मोबाइलच्या कव्हरवर आपला नि ‘त्या’चा फोटो चिकटवला, कस्टमाइज्ड. हॅण्डबॅगेच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत तुमची आद्याक्षरं उमटवली आणि वर चारशे रुपये जास्त घेतले, की तीसुद्धा कस्टमाइज्ड! आता मला सांगा, माझ्या नावाची दोन अक्षरं बॅगेवर आली म्हणून माझी ओली छत्री तिच्यात नीट राहते का? डब्यातलं लिंबाचं लोणचं लॅपटॉपपासून चार हात लांब राहतं का? नाही ना? मग ती बॅग माझ्यासाठी नाही बनली. ती सगळ्यांसाठी बनली आणि शेवटी माझ्या नावाने तिचं बारसं झालं, एवढंच.

खरी कस्टमाइज्ड बॅग कशी जन्माला येते, याचा एक फेमस किस्सा आहे. साल १९८४. पॅरिसहून लंडनला निघालेल्या विमानात जेन बर्किन ही गायिका-अभिनेत्री आणि एर्मेस या बड्या फ्रेंच कंपनीचे प्रमुख ज्याँ-लुई द्युमा शेजारी शेजारी बसले होते. बाईंचं सामान सांडलं, आणि लहान मुलीच्या आईला पुरेल अशी एक धड बॅग बाजारात मिळत नाही, अशी त्यांनी थेट कंपनीच्या मालकापुढेच तक्रार केली. द्युमांनी तिथल्या तिथे, विमानात उलटीसाठी ठेवतात त्या कागदी पिशवीवर स्केच काढलं. त्यात बाळाच्या दुधाच्या बाटल्यांना जागा ठेवली. त्यातून जी बॅग झाली, ती बर्किन. बाईंनी स्वतः वापरलेल्या पहिल्यावहिल्या बॅगेला तर चक्क एक नेलकटर लटकवलेलं होतं. तीच बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. आज बर्किन मिरवणाऱ्या किती जणी तिच्यात दुधाची बाटली ठेवतात, देव जाणे!

आपल्याला काही ८६ लाख युरोंची बॅग नकोय. आपल्याला हवी असते ८.०६ च्या लोकलची बॅग.

तशी एक बॅग आम्ही अलीकडेच शिवली. आम्ही म्हणजे मी, माझी एक मैत्रीण आणि आमच्या बिल्डिंगमधल्या ब्लाउज शिवणाऱ्या काकू. बॅग मैत्रिणीची. ती रोज डोंबिवलीहून दादर, तिथून परळचं ऑफिस, आणि संध्याकाळी हेच उलटं. तिला कॉलेजमध्ये असल्यापासून टाइप-वन डायबेटिस आहे. ‘इतक्या लहान वयात? गोड फार खात होतीस का गं?’ हे वाक्य तिला लग्नकार्यात किमान तीन आत्या तरी ऐकवतात. गोड खाण्याशी याचा काही संबंध नसतो. तिचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे ते बाहेरून घ्यावं लागतं, रोज, दिवसातून अनेकदा. म्हणजे बॅगेत इन्सुलिनची पेनं आली, सुया आल्या, साखर तपासायचं मशीन आलं, त्याच्या पट्ट्या आल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या.

कारण साखर वाढण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्याची भीती मोठी. हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, समोरचं धूसर दिसतं, डोकं चालेनासं होतं. अशा वेळी साधारण पंधरा ग्रॅम साखर ताबडतोब पोटात जायला हवी. तिच्या गोळ्यांच्या हिशोबात चार गोळ्या. आणि ही वेळ काय ऑफिसच्या गुबगुबीत खुर्चीत बसल्यावरच येईल, असं थोडंच आहे? ती येते ठाणा गेल्यावर, लेडीज डब्यात, जिथे एक हात वरच्या कडीला आणि दुसरा कुणाच्या तरी पाठीमागे अडकलेला असतो.

तिच्याकडे तोपर्यंत जी बॅग होती, ती चांगली ब्रॅण्डेड, तपकिरी, एकदम सॉल्लिड दिसणारी. पण आतून? एक मोठी विहीर. आणि अस्तर काळं. बॅगेला काळं अस्तर लावणाऱ्या डिझायनरला एकदा पीक अवरला त्याच बॅगेत स्वतःच्या घराची किल्ली शोधायला लावली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. विहिरीत पोहरा सोडावा तसा हात सोडायचा आणि वर येईल ते आपलं. कधी लिपस्टिक, कधी चार्जर, कधी मागच्या महिन्याचं मेडिकलचं बिल.

तर पहिल्या रविवारी आम्ही कात्रीला हातही लावला नाही. ती विहीर पलंगावर उपसली. एकूण ३४ वस्तू निघाल्या. यात दोन सेफ्टी पिना, एक वाळलेली बकुळीची वेणी आणि तीन पेनं, त्यातलं एकच चालू. आता सगळे जण करतात ती गोष्ट म्हणजे मोठ्या वस्तू एकीकडे, छोट्या दुसरीकडे. काकूंनी ते ढीग मोडले. म्हणाल्या, ‘‘अगं, साइजवर काय लावताय? कुठली वस्तू कधी लागते ते सांगा.’’ मग नवे ढीग झाले. दिवसातून एकदाच, टेबलावर बसून लागणाऱ्या वस्तू: लॅपटॉप, चार्जर, डबा. दिवसातून दहा वेळा, उभ्या उभ्या लागणाऱ्या: मोबाइल, पास, किल्ली. आणि तिसरा ढीग, क्वचित लागणाऱ्या पण लागल्या की दहा सेकंदांत, एका हाताने, न बघता मिळायलाच हव्यात अशा वस्तूंचा. त्या ढिगात एकच गोष्ट होती. ग्लुकोज.

कस्टमाइज्ड बॅगेचा सगळा फंडा या ढिगांत आहे, बॉस. कापड, रंग, लेस, घुंगरं हे सगळं नंतर.

खरं तर आपल्या घरांत हे ज्ञान कधीचंच होतं. आजोबांची चंची आठवते? कापडाची, एकात एक कप्पे असलेली, दोरीने गुंडाळून बांधायची. पान एका कप्प्यात, सुपारी दुसऱ्यात, कात-चुना वेगळा, अडकित्ता वेगळा. लाइट गेलेले असले तरी आजोबांचा हात बरोब्बर लवंगेवर पडायचा. याच्या उलट शबनम. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कवी, कार्यकर्ते, पत्रकार सगळ्यांच्या खांद्याला शबनम असायची. दिसायला एकदम इंटेलेक्चुअल, पण कारभार विहिरीचाच. आपल्या धंद्यातल्या मंडळींनी माफ करावं, पण एर्गोनॉमिक्समध्ये चंची शबनमच्या दहा पावलं पुढे आहे.

आता पॅटर्न. कागदावर तुकडे आधी कापून मग त्यावरून कापड कापायची ही पद्धत घरोघरी पोचवण्याचं श्रेय बरंचसं एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याला जातं. १८६३ मध्ये त्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न काढले आणि घरी शिवणाऱ्या बायकांचं मोठं काम सोपं केलं. आपल्याकडे मात्र त्याहून झकास शब्द आहे, ‘बेतणं’. कापड बेततात. लग्नाचा, सहलीचा, पार्टीचाही बेतच करतात. बॅग बेतायची म्हणजे तुमचा दिवस बेतायचा.

आणि दुसरा शब्द ‘माया’. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, ते. ब्लाउज शिवताना मावश्या-काकू हमखास विचारतात, ‘माया ठेवलीयस ना गं?’ उद्या जाडी वाढली की उसवायला बरं. बॅगेची जाडी काही वाढत नाही, पण माया तिथेही लागते, नाहीतर पहिल्याच गर्दीत शिवण उसवून धागे बाहेर. आम्ही सगळीकडे अर्धा इंच धरली.

ज्यांना आकडे बघून झोप येते त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण ज्यांना करून बघायचंय त्यांनी टेप घेऊन बसा. लॅपटॉप चौदा इंची आहे म्हणून बॅग चौदा इंची, असं करू नका. ते चौदा इंच स्क्रीनचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके. मैत्रिणीचा लॅपटॉप प्रत्यक्षात साडेबारा बाय पावणेनऊ भरला. त्यामुळे आम्ही तयार बॅग ठरवली ती तळाशी १३ इंच रुंद, १२ इंच उंच आणि ४ इंच खोल, म्हणजे चपटा डबा खाली उभा राहील. आता कापायचं किती? रुंदीला १३, त्यात खोलीचे ४, त्यात दोन्ही बाजूंची माया मिळून १. झाले १८. उंचीला १२, त्यात खोलीच्या निम्मे म्हणजे २, त्यात वरखालची माया १. झाले १५. असे १८ बाय १५ चे दोन तुकडे कॅनव्हासचे, दोन अस्तराचे. प्रत्येकाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून २ बाय २ इंचांचा चौकोन कापून टाकायचा. बाजू आणि तळ शिवले की या कापलेल्या कोपऱ्यांची तोंडं चपटी करून आडवी शिवायची. एवढ्यानेच सपाट पिशवीला तळ येतो आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहते. चार इंचांऐवजी सहा इंच खोली हवी? मग चौकोन तीनचा घ्या, आणि वरचा हिशोब पुन्हा करा. शाळेत गणिताच्या बाईंनी हे असं शिकवलं असतं तर!

खाकी कागदावर तुकडे काढले, पण कॅनव्हास लगेच नाही कापला. आधी एका जुन्या चादरीची कच्ची बॅग केली. हे टाळावंसं फार वाटतं, टाळू नका. त्या चादरीच्या बॅगेत खरं सामान भरलं, मैत्रिणीने ती पोटाशी अडकवली, आणि तिला दाराच्या चौकटीत उभं केलं. उजवा हात वर, चौकटीला. मग मी एका बाजूने आणि काकू दुसऱ्या बाजूने तिच्यावर रेललो. काकूंनी तर ‘चला, पुढे चला, दारात उभ्या काय राहता’ असा अस्सल सेण्ट्रल लाइनचा सूरही लावला.

आणि तेव्हा कळलं ते कुठल्याच कागदावर कळलं नसतं. गर्दीत डावं कोपर अंगाला चिकटतं. हात खाली कमरेकडे जातच नाही, फक्त पुढून छातीकडे वर वळतो. आम्ही ग्लुकोजचा कप्पा बॅगेच्या मधोमध, खालच्या अंगाला धरला होता, सगळ्या रेडिमेड बॅगांना असतो तिथे. तिथे बोटं पोचेचनात. मग कप्पा तीन इंच वर नेला, तिच्या डाव्या कडेला सरकवला आणि त्याचं तोंड जीन्सच्या खिशासारखं तिरकं केलं. यात एक गंमत लक्षात ठेवायची. बॅग पोटाशी घेतली, की तिची बाहेरची बाजू लोकांकडे असते. म्हणजे अंगावरचं डावं ते पॅटर्नवरचं उजवं. काकूंनी खडूने कागदावर भलामोठा बाण काढून ठेवला.

कप्प्याला चेन नको, हे मैत्रिणीचंच म्हणणं. थरथरत्या बोटांनी रनर पकडता येत नाही. बटणही नको. मग एक रुंद झडप आणि तिला वेल्क्रो. खर्रकन आवाज येतो, तो तर चांगलाच, न बघता उघडल्याचं कळतं. उलट इन्सुलिनची पेनं एकदम आत, मधल्या कप्प्यात गेली. चालू असलेलं पेन फ्रिजबाहेर राहू शकतं, पण उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून उन्हाच्या बाजूला नाही, लॅपटॉपला चिकटून नाही, पॉवर बँकेच्या शेजारी तर मुळीच नाही. डबा आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक जाड पडदा शिवून त्याच्या डब्याकडच्या बाजूला पेनांचं घर केलं. मोबाइलचा कप्पा अंगाकडच्या बाजूला, कारण मुंबई ती मुंबई.

कापडखरेदी हा खरं तर स्वतंत्र कॉलमचा विषय. मुंबईत मंगलदास मार्केट, दादरचं हिंदमाता, आणि बक्कल-कड्या-लेससाठी भुलेश्वर. पुण्यात असाल तर रविवार पेठेतली बोहरी आळी. दोनच गोष्टी सांगते. कॅनव्हास सुती असेल तर कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, कारण तो आटतो. आणि अस्तर फिकं घ्या. आम्ही लिंबाच्या रंगाचं घेतलं. आत डोकावलं की लाइट लावल्यासारखं वाटतं. पट्टा मात्र कापडाचा न करता नवारीचा, दीड इंची. बारीक पट्टा फोटोत छान दिसतो आणि संध्याकाळी खांद्यात रुततो.

राहिला ग्लुकोजचा कप्पा. तो वेगळ्या रंगाचा हवा होता, नुसता दिसायला नाही, तर दुसऱ्या कुणाला ओरडून सांगता यावा म्हणून. मैत्रिणीच्या आईच्या कपाटात ओटीत आलेल्या खणांची एक पिशवीच होती. मराठी घरात अशी एक पिशवी असतेच. शिवलेले कमी, पुढच्या ओटीत फिरवण्यासाठी ठेवलेले जास्त. त्यातून एक लाल निघाला, हिरव्या काठाचा, अंगभर बारीक नक्षी. खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, पन्ह्याला लहान, चोळीच्या बेताने विणलेला. हल्ली त्याचे कुर्ते, साड्या, सोफ्याच्या उशा काय वाट्टेल ते निघालंय. पण कप्प्यालाही मराठीत खणच म्हणतात की! मैत्रिणीची आई लगेच म्हणाली, ‘‘घ्या, खणाचा खण.’’ नुसता खण किल्ल्यांच्या घर्षणाला टिकणार नाही, म्हणून मागून इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावलं आणि आतून कॅनव्हासची पट्टी.

दुसऱ्या रविवारी मशीनवर. काकूंचं मशीन पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. घरचं साधं मशीन बॅग शिवत नाही, असा एक समज आहे. शिवतं, फक्त त्याचा अंत पाहायचा नाही. ब्लाउजची बारीक सुई काढून १६ नंबरची लावली. टाका मोठा केला. पट्टा जिथे बॅगेला मिळतो तिथे कापडाचे सहा-सात थर होतात, तिथे पाय थांबवायचा आणि चाक हाताने फिरवायचं, एकेक टाका. त्याआधी काकूंनी ती जाड शिवण जमिनीवर ठेवून खलबत्त्यातल्या बत्त्याने चेचली. ‘‘थर बसले की सुई मोडत नाही.’’ पट्ट्याच्या टोकाला चौकोन शिवून आत फुली मारायची. ओझं त्या फुलीवर तुटतं, तिथे आळस नको. टाचण्यांऐवजी ऑफिसातल्या काळ्या बाइंडर क्लिपा वापरल्या, जाड कापडाला त्याच बऱ्या. मैत्रिणीने त्या कुठून आणल्या हे मी विचारलेलं नाही.

अस्तर बाहेरच्या बॅगेपेक्षा किंचित लहान हवं, नाहीतर आत चोळामोळा होतो. त्यासाठी वेगळा पॅटर्न नको. अस्तर शिवताना माया अर्ध्या इंचापेक्षा एक सूत जास्त दाबायची, बस. अस्तराच्या तळाला सहा इंच शिवण मुद्दाम सोडून द्यायची. मग कॅनव्हासची बॅग आणि अस्तराची बॅग, सुलट्या बाजू समोरासमोर, वरच्या कडेने चेनसकट जोडून टाकायच्या. आता तुमच्या हातात एक भयाण गाठोडं असतं. उलटं, चुरगळलेलं, सगळीकडून दोरे लोंबणारं. याचं काहीही होऊ शकत नाही असं वाटतं. आणि मग त्या सहा इंचांच्या भोकातून हात घालून आतलं एक टोक पकडायचं आणि ओढायचं. कॅनव्हास अडतो. नवार अडते. ‘‘ओढ गं, घाबरतेस काय,’’ काकू म्हणतात. आधी एक कोपरा येतो, मग तळ, मग तो लाल खण, आणि भसकन अख्खी बॅग बाहेर. मैत्रीण किंचाळलीच. चांगली एमबीए झालेली मुलगी! भोक शिवून टाकलं, अस्तर आत ढकललं. सामान भरलं. चौतीसमधल्या एकोणीस वस्तूच परत आत गेल्या. वेणी घरी राहिली.

सामानाचा एकूण खर्च ८७० रुपये. हा आकडा मी ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांचा पुढचा डायलॉग ठरलेला. ‘‘बस्स एवढेच? मग मला पण एक शिवून दे ना, कापडाचे पैसे देते!’’ कापडाचे पैसे सगळ्यांना दिसतात. दोन रविवारचे अकरा तास कुणालाच दिसत नाहीत. काकू गेली अनेक वर्षं हेच ऐकतायत. दोन हजारांच्या साडीवरच्या अस्तराच्या ब्लाउजला पन्नास रुपये कमी करा म्हणणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्यात. त्या बॅगेचे पैसे घ्यायला तयारच नव्हत्या, ‘‘तुम्ही पोरींनीच केलीत की.’’ मैत्रिणीने मोबाइल काढला, स्वतःच्या महिन्याच्या पगाराला कामाच्या तासांनी भागलं, आणि जो काय तासाचा दर आला तो काकूंच्या चार तासांना लावून पैसे समोर ठेवले. काकूंनी नोटा दोनदा मोजल्या. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी बक्कल जरा बरं आण. हे हलकं आहे.’’

बॅग वापरात येऊन तीनेक आठवडे झाले असतील. मैत्रिणीचा दुपारी फोन. सकाळच्या गाडीत, मुलुंड गेल्यावर, हात थरथरायला लागले. नाश्ता नीट झाला नव्हता. उजवा हात कडीला, आणि डावा कुणाच्या तरी सॅकखाली असा अडकलेला की वर वळेचना. आम्ही चौकटीत केलेल्या रिहर्सलमध्ये सॅकवाली नव्हती. समोर एक बाई मोबाइलवर सीरियल बघत उभी. मैत्रीण तिला एवढंच म्हणू शकली, ‘‘ताई, तो लाल खण... उघडा.’’

त्या बाईला खणाचं वेगळं काही समजवावं लागलं नाही. लाल रंग नाकासमोरच होता. खर्रकन झडप उघडली, चार गोळ्या मैत्रिणीच्या तोंडात घातल्या, कुणाला तरी दटावून बसायला जागा करून दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. कुर्ला येईपर्यंत हात थांबले होते. बाईने मग बॅग खालून, वरून, बाजूने, चेन ओढून नीट निरखून घेतली आणि विचारलं, ‘‘कुठून घेतलीत?’’

तिच्या सासूबाईंनाही डायबेटिस आहे, इन्सुलिनवर आहेत, पनवेलला एकट्या ये-जा करतात. आता येत्या रविवारी ती बाई काकूंकडे येतेय. खाकी कागदाचा पॅटर्न आम्ही गुंडाळून कपाटावर ठेवलाय, तो काढायचा. सासूबाई लॅपटॉप नेत नाहीत, त्यामुळे रुंदी दहावर येईल, पट्टाही आखूड लागेल. आणि त्या आधार धरतात तो डाव्या हाताने. म्हणजे खण दुसऱ्या बाजूला हवा. काकू म्हणाल्या, त्यात काय, कागद उलटा ठेवायचा आणि कापायचं.